येळवशीची शिदोरी आणि शेतातली पिकं



येळवस जवळ आली की आमच्या लातूर भागात दुकानांपुढं आता एक नवीन गर्दी दिसते. ज्वारीचं पीठ, ताकाच्या पिशव्या, सोललेल्या तुरीच्या शेंगा, तीळ, शेंगदाणे, एवढंच काय, कोपीसाठी कडब्याच्या पाच पेंढ्यासुद्धा विकत. घेणारे कोण? नोकरदार असतील तर समजू शकतो. पण निम्मे आपल्यासारखे सातबारा असलेले शेतकरीच.

म्हणून यंदा फवारणी-खताच्या नोंदीऐवजी येळवशीच्या तयारीचा इतिहास लिहायचा ठरवलं. हा सण पोथीत कमी आणि वावरात जास्त आहे. शिदोरीतली एकेक वस्तू कोणत्या पिकातून यायची, हे पाहिलं की गेल्या ७०-८० वर्षांत आपल्या शेतीचं काय झालं ते आपोआप कळतं.

सण कुठला आणि कधी

बाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगतो. मार्गशीर्ष महिन्याच्या अमावस्येला लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग, आणि पलीकडं बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात सगळी माणसं शेतात जेवायला जातात. पंचांगात दर्श वेळा अमावस्या, बोलण्यात येळवस. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरातले रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी बोलावतो. घरी चूल पेटवून एकट्यानं जेवणारा माणूस त्या दिवशी सापडणं अवघड.

तारीख मात्र दरवर्षी हलते. मागच्या तीन येळवशी बघा : ११ जानेवारी २०२४, ३० डिसेंबर २०२४ आणि १९ डिसेंबर २०२५. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडं सरकतो आणि अधिक महिना आला की परत मागं जातो. आपल्याला याचा अर्थ पिकात दिसतो. हस्तात पेरलेली मालदांडी साधारण ७०-७५ दिवसांनी फुलोऱ्यात येते. येळवस १९ डिसेंबरला आली तर ज्वारी निसवलेली किंवा फुलोऱ्यात असते. ११ जानेवारीला आली तर कणसात चीक भरलेला असतो, आणि पेरणी लवकर झालेली असेल तर हुरड्याची चाहूल लागते.

अलीकडं असो की पलीकडं, पीक पोटऱ्यातून बाहेर पडून दाणा धरायच्या बेतात असतं, हे नक्की. आमची आजी म्हणायची, ‘भुई गरवार हाय, तिचं डोहाळजेवण हाय हे.’ पोटरी हा शब्दच बघा ना. कर्नाटकातही या सणाकडं असंच बघतात.

नावातला तीळ

कानडीत या अमावस्येला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. आपण त्याचं येळवस, वेळ अमावस्या केलं आणि मग वेळ म्हणजे काळ असा अर्थ लावत बसलो. सणाच्या नावातच तीळ आहे आणि त्या दिवशीच्या भाकरीवर तीळ लावतात, हा योगायोग नाही.

शिदोरीतले बाकीचे शब्दही तपासा. बाजरीला आमच्याकडं सज्जी म्हणतात, कानडीत सज्जे. पिठाचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, कानडीत उंडे म्हणजे लाडू, गोळा. आंबील ज्या मडक्यात न्यायची ती बिंदगी, कानडीत बिंदिगे म्हणजे घागर. पिकात आंबील शिंपडायला आपण चर शिंपणं म्हणतो, तिकडं चरग.

याचं कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या मुलखाचा मोठा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य एकच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणं राज्यं झाली तेव्हा बिदर-कलबुर्गीचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि आम्ही मुंबई राज्यात. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. रेघा नंतर आल्या. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, बाजार आणि सोयरीक आधीपासून एकच. निलंगा-उदगीरकडच्या कितीतरी घरांत सासू मराठी आणि सून कानडी मुलखातली. शिदोरीचे शब्द तिच्याबरोबर आले की आधीच होते, कोण सांगणार.

पंधरा दिवसांची तयारी

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते ८५ च्या काळात, दत्तजयंती झाली की घरात येळवशीची हालचाल सुरू व्हायची. पौर्णिमा ते अमावस्या, पंधरा दिवस मिळायचे. माय काय काय करायची ते क्रमानं लिहितो. त्यासोबत त्यामागचं पीकही लिहितो, कारण आजच्या लेखाचं काम तेच आहे.

पहिलं काम तिळाचं. खरिपात ज्वारीच्या कडेनं तिळाची दोन-चार तासं असायची. दसऱ्याच्या आसपास पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या आणि उलट्या धरून झटकायच्या. पायलीभर तीळ निघाला तरी वर्ष निघायचं. येळवशीला भाकरीवर लावायला आणि राहिलेला संक्रांतीला.

दुसरं, तेल. रब्बी ज्वारीत दर काही तासांनंतर करडीचं तास आणि बांधाच्या कडेनं करडीची रांग. काट्यामुळं जनावर आत शिरत नाही. मागच्या वर्षीची करडी घाण्यावर नेऊन तेल आणायचं.

तिसरं, खिरीचा गहू. गव्हाला पाण्याचा हात लावून उखळात कांडायचा, वरचा कोंडा सुटला की पाखडून वाळवायचा. या कामाला शेजारच्या दोघी-तिघी एकत्र यायच्या. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं.

चौथं, ताक. आंबिलीला ताक भरपूर लागतं. घरची गाय-म्हैस आटलेली असेल तर शेजारून आणायचं. गावात ताक विकत नव्हतं आणि मागायला लाज नव्हती. येळवशीच्या आधी चार दिवस ज्यांच्याकडं दुभतं आहे त्यांच्या दारात तांबे घेऊन पोरांची रांग लागायची.

पाचवं, भज्जीचं सामान. भज्जी म्हणजे पीठ लावून केलेली मिसळ भाजी. ज्यांना माहीत नाही त्यांनी कांदाभजी समजू नये. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वालाचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, वरून आंबटासाठी चिंच किंवा ताक, आणि हरभऱ्याचं पीठ. प्रत्येक घराची यादी थोडी वेगळी, पण नियम एकच होता. त्या वेळी रानात जे ओलं उभं आहे ते सगळं भज्जीत पडायचं. भज्जी खाऊन सांगता यायचं, या शेतकऱ्यानं यंदा काय काय पेरलंय.

सहावं, कोप. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून अंबाडीच्या वाखानं वर बांधायच्या आणि त्यावर शाल पांघरायची. आत पाच दगड धुऊन चुना लावून मांडायचे, ते पाच पांडव. ही कामं गड्यांची आणि पोरांची.

अमावस्येच्या आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ शिजवून गार करायचं. दुसऱ्या दिवशी त्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण घातला की आंबील. बायका रात्री दोन-तीनलाच उठायच्या. उंडे, भज्जी, सज्जीच्या आणि ज्वारीच्या भाकरी, खीर, सगळं उजाडेपर्यंत तयार. मग शिदोरी डोक्यावर किंवा बैलगाडीत. शेतात पूजा, मग आंबील-भज्जीचा चर पिकात शिंपायचा, मग पंगत. संध्याकाळी धाटांचा हेंडगा पेटवून पिकाच्या कडेनं फिरवायचा आणि घरी यायचं.

आता हिशोब करा. यात विकत काय होतं? मीठ, गूळ, आणि गाजरासारखी एखादी भाजी. बिंदगी कुंभार द्यायचा, तिचा मोबदला खळ्यावर धान्यात. बाकी सगळं घरच्या रानातलं. ज्वारी, बाजरी, गहू, तूर, हरभरा, वाल, भुईमूग, तीळ, करडी, अंबाडी, ही दहा पिकं. वर कडबा आणि ताक. पाच-सात एकरांच्या कोरडवाहू शेतात हे सगळं असायचं. तिफणीमागं सरता धरून बाई तूर टाकत चालायची, तीळ-अंबाडीची तासं वेगळी पडायची. त्याला कुणी मिश्र पीक पद्धती म्हणत नव्हतं, पण एक पीक गेलं तर दुसरं हाताला लागायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

अवघड वर्षांच्या येळवशी

ही शिदोरी दरवर्षी भरलेली असायची असं नाही. घरात ऐकलेल्या आणि पाहिलेल्या तीन येळवशी सांगतो.

पहिली १९४७-४८ च्या हिवाळ्यातली. देश स्वतंत्र झाला होता, आपण अजून संस्थानात होतो. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी घरं गाव सोडून इंग्रजी मुलखाच्या हद्दीत गेली होती. आजी सांगायची, त्या वर्षी बायका शेतात गेल्या नाहीत. तिनं अंगणातच पाच खडे मांडले आणि दोन गडी पहाटे अंधारात जाऊन पिकात आंबील शिंपून आले. सण मोडू दिला नाही, एवढंच ती म्हणायची.

दुसरी १९७२ ची. त्या दुष्काळात रब्बी पेरलीच गेली नाही म्हणायला हरकत नाही. माणसं खडी फोडायच्या कामावर, जेवायला सुकडी आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. अण्णा सांगायचे, त्या येळवशीला आंबील मिलोची झाली, रंगानं तांबूस. कोपीला कडबा नव्हता, तो जनावरांनी आधीच संपवला होता. तुराट्या उभ्या करून भागवलं. मी तेव्हा मांडीवरचा होतो.

तिसरी मी स्वतः पाहिलेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा, लोहारा भागात हजारो माणसं गेली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी १९९४ मध्ये, येळवस आली. आमचे सोयरे तिकडचे, तेव्हा पत्र्याच्या शेडात राहत होते. त्यांच्याकडं भांडी नव्हती, जातं ढिगाऱ्याखाली. आमच्या गावातून तीन बैलगाड्या शिदोरी घेऊन गेल्या. गाव जाग्यावर राहिलं नव्हतं, शेत मात्र जाग्यावर होतं. पेरलेली ज्वारी उभी होती. पेरणारे काहीजण नव्हते. त्या दिवशी पंगतीत कुणी फार बोललं नाही. पण चर शिंपला. नंतर नवी गावं जुन्या गावांपासून लांब वसली, तरी येळवशीला माणसं त्याच जुन्या वावरात जातात.

या तिन्ही वर्षी माणसांकडं काही ना काही नव्हतं. पण हे संकटाचं नसणं होतं. पुढच्या हंगामात पिकं परत यायची आणि शिदोरी परत भरायची.

मग शिदोरी रिकामी कशी झाली

जे दुष्काळानं झालं नाही ते चांगल्या भावानं झालं, असं मला वाटतं.

पहिला बदल संकरित ज्वारीचा. सीएसएच-१ हे संकरित वाण १९६४ साली आलं आणि पुढच्या काही वर्षांत खरिपात हायब्रीड पसरली. दाणे भरपूर, पण धाट ठेंगणं, कडबा कमी, भाकरीला चव नाही अशी तक्रार. तरी रब्बीत मालदांडी टिकून राहिली. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं हे वाण, एम ३५-१, आजही लोक मागून घेतात. दाणा मोत्यासारखा, कडबा गोड.

खरा बदल १९९० नंतर सोयाबीननं आणला. शंभर-एक दिवसांत पीक घरात, रोख पैसे, लातूरसारखी मोठी बाजारपेठ दाराशी. त्यामागं रब्बीत हरभरा. हरभऱ्याला मशीन चालतं, राखण लागत नाही. रब्बी ज्वारी हातानं उपटावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात, पाखरं राखावी लागतात. मजूर मिळेना, मजुरी परवडेना. शेतकऱ्यानं सरळ हिशोब केला. त्याला दोष देता येत नाही. मीही सहा एकरांपैकी पाच एकर सोयाबीन आणि त्यावर हरभरा घेतो. पोरांची कॉलेजची फी त्यातूनच भरली.

पण साखळी बघा. खरिपाची ज्वारी गेली, तिच्यासोबत तिळाची आणि अंबाडीची तासं गेली. रब्बीची ज्वारी गेली, तिच्यासोबत करडी गेली आणि कडबा गेला. कडबा गेला म्हणून जनावरं विकली. जनावरं गेली म्हणून ताक गेलं आणि शेणखतही गेलं. ताक गेलं म्हणून आंबिलीला पिशवी आली. दुकानापुढच्या गर्दीचं उत्तर हे आहे. बायका आळशी झाल्या, नव्या सुनांना येत नाही, असं जे पारावर बोललं जातं ते खोटं आहे. आधी पिकं गेली, मग तयारी गेली.

यात सगळ्यात जास्त नुकसान कशाचं झालं? माझ्या मते बियाण्याचं. सोयाबीन-हरभऱ्याचं बियाणं बाजारात कधीही मिळेल. पण आमच्या गावातला तांबूस तीळ, वेलाचा वाल, कोरडवाहू खिरीचा गहू, हे फक्त घराच्या उतरंडीत होतं. सलग तीन-चार वर्षं पेरलं नाही की उगवण जाते आणि ते वाण गावातून कायमचं संपतं. मागच्या वर्षी तांबूस तिळासाठी मी आठ गावं फिरलो. एका आजींकडं मूठभर मिळाला, तोही त्यांनी येळवशीसाठी ठेवलेला.

जुनं सगळं सोनं नव्हतं

हेही लिहिलं पाहिजे. बायका दोन रात्री झोपायच्या नाहीत आणि पंगतीला शेवटी बसायच्या. सालगडी आणि गावकुसाबाहेरची माणसं आमच्या वावरात यायची, पण त्यांची पंगत वेगळी, थोडी लांब, दुसऱ्या झाडाखाली. लहानपणी मी ते पाहिलंय. आता आमच्याकडं एकच पंगत बसते आणि पुरुष वाढतात. जात्याची गिरणी झाली हेही चांगलंच झालं. त्यामुळं परत मागं जा असं मी म्हणत नाही. परत आणायची ती पिकं.

दहा गुंठ्यांचा येळवस-तुकडा

चार वर्षांपासून मी दहा गुंठे बाजूला ठेवतो. मोठा खर्च नाही. मृगात त्यातल्या कडेच्या पट्ट्यात तीळ, अंबाडी, वाल आणि तुरीची दोन तासं. मधली जागा मूग काढून मोकळी. हस्तात, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, तिथं मालदांडी किंवा परभणी मोती. हेक्टरी १० किलोच्या शिफारशीनं दहा गुंठ्याला एक किलो बी पुरतं. काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं, ओळीत ४५ सेंटिमीटर अंतर. दर सहा तासांनंतर करडीचं एक तास. फवारा मारत नाही. पाखरं थोडं खातात, खाऊ द्यायचं.

यातून काय मिळतं? येळवशीचं सगळं सामान, एका गायीला काही महिने पुरेल एवढा कडबा, आणि पुढच्या वर्षाचं बियाणं. बाजारभावानं हिशोब केला तर त्या दहा गुंठ्यांत सोयाबीनच परवडतं, हे मला माहीत आहे. हा तुकडा बियाण्याचं कोठार म्हणून बघा. नातवाला दाखवता येतं की बाबा, तीळ असा असतो झाडाला.

यंदा पेरणीची वेळ निघून गेली. पण एक काम अमावस्येच्या आधी होऊ शकतं. घरात किंवा शेजारी सत्तरीच्या पुढच्या ज्या आजी, मावशी, काकू असतील त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या लहानपणी भज्जीत काय काय पडायचं, तीळ कोणत्या रंगाचा, खिरीचा गहू कोणता, वाल वेलाचा की झुडपाचा, हे लिहून घ्या. कुणाकडं गाडग्यात, डब्यात मूठभर बी उरलंय का ते विचारा. असलं तर निम्मं मागून घ्या आणि निम्मं त्यांच्याकडंच राहू द्या, म्हणजे एकाचं उगवलं नाही तरी वाण वाचेल.

माझ्याकडं तांबूस तिळाचं बी आता अडीच किलो झालंय. मृगाच्या आधी कुणाला पसाभर हवं असेल त्यानं सांगावं. पैसे नकोत. पुढच्या वर्षी तेवढंच बी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं, एवढीच अट.